विहीर माझी, पाणी कुणाचे?

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आपल्या गावांतून आगेरा साजरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या मिरवणुकीने देवळात येतात, आशीर्वादित होतात आणि घरोघरी जातात. पाऊस सरलेला असतो, ऊन तापू लागलेले असते, आणि मनोरीच्या परसातून माठ, मुळा, मेथी, वांगी, वाल लावायची वेळ झालेली असते.

आमच्या घरामागेही आई वाफे करीत असे. ती गेल्यावर तिथे रान माजले. पुढे मुलाने जागा साफ करून गुंठाभर हिरवळ लावली. दिसायची सुंदर, नातवंडे लोळायची. विहिरीवर पंप होता, सकाळ-संध्याकाळ पाणी सोडत होतो. त्यात वाईट काय, असा विचारही कधी मनात आला नाही.

मागे एका मार्च महिन्यात शेजारच्या मावशी वालाची दोन पाने हातात घेऊन दारात आल्या. पानांच्या कडा करपल्या होत्या. ‘‘माझ्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं रे बाबा,’’ एवढेच म्हणाल्या. तक्रार केली नाही. त्या गेल्यावर माझी नजर आमच्या हिरव्यागार अंगणावर गेली.

मग मी हिशोब मांडला. ऊन-वाऱ्याच्या दिवसांत हिरवळीच्या दर चौरस मीटरला रोज 4 ते 5 लिटर पाणी लागते. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, सुमारे 100 चौरस मीटर. म्हणजे दिवसाला 400 ते 500 लिटर. शहरात पाणीपुरवठ्याचा हिशोब माणशी 135 लिटरचा धरतात. तीन माणसांचे दिवसाचे पाणी आम्ही गवताला पाजत होतो.

आपल्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरची गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू सुमारे 40 फूट वर चढू शकते, असे शास्त्र सांगते. विहिरी वेगळ्या असल्या तरी पाण्याला कुंपण नसते. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा दिवसाला 200 दशलक्ष लिटरचा प्रकल्प मुंबई महापालिकेने याच मनोरीत आखला आहे. आणि इथे पायाखालचे गोडे पाणी आपणच खारे करतो आहोत!

यावर कोणी म्हणेल, मावशींचे पाणी तुमच्याच पंपाने मचूळ झाले कशावरून? खरे आहे, सिद्ध करता येणार नाही. गावात पंप पुष्कळ आहेत. पण प्रत्येकाने असेच म्हटले, तर विहीर खारी होते आणि दोषी मात्र कोणीच उरत नाही. आपल्या सदसद्विवेकबुद्धीला झोपवणारी याहून सोपी अंगाई नाही.

आणि कायदा? 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या जमिनीखालचे पाणी काढून घेण्याचा हक्क मालकाला दिला. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमाने, अधिसूचित क्षेत्रात त्यावर मर्यादा घालण्याची तरतूद केली. पण सरकारने मर्यादा घालीपर्यंत शेजाऱ्याची वेल करपू द्यायची का? कायद्याने जे माझे आहे, ते सगळेच मी घ्यावे असे थोडेच आहे!

म्हणजे हिरवळ पाप आणि भाजी पुण्य, असे का? तसेही नाही. वालालाही पाणी लागतेच. जुन्या करारातला अहाब राजा आठवा. नाबोथचा द्राक्षमळा त्याला कशासाठी हवा होता? भाजीचा मळा करण्यासाठी! मोबदलाही देऊ केला होता. नाबोथने वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला, आणि शेवटी निरपराध माणसाचा जीव गेला. मळा भाजीचा असला म्हणून अन्याय धुतला जात नाही. प्रश्न काय लावतो याचा तर आहेच. पण किती घेतो आणि शेजाऱ्याला काय उरते, याचा अधिक आहे.

घरात बोलणे झाले. मुलाला पटायला वेळ लागला. आम्ही पंपाचे पाणी हिरवळीला सोडणे बंद केले. हरळी पिवळी पडली. पण पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते, पहिल्या पावसात पुन्हा हिरवी होते. एका कोपऱ्यात आईसारखे चार वाफे केले. कापलेले गवत जाळत नाही, वाफ्यांवर पसरतो; ओल टिकते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी वांग्या-मिरचीला जाते. माठ महिनाभरात हाताशी येतो.

मावशींचे पाणी लगेच गोडे झाले नाही. एका घराने पंप बंद करून ते होणारही नाही. म्हणून विनंती अशी, की या आगेऱ्याला एका आळीतल्या विहीरवाल्यांनी तासभर एकत्र बसावे. कोणाचा पंप किती वेळ चालतो, कोणाचे पाणी मचूळ झाले, मार्च ते मे काय बंद ठेवता येईल, एवढेच बोलावे. आणि ज्यांच्या दारात विहीर नाही, त्यांनाही बोलवायला विसरू नये.