पूर्वपक्षाचा अधिकार

बारावीचा निकाल हाती आलेल्या मुलाने किंवा मुलीने आपल्याला वकील व्हावयाचे आहे असे जाहीर केले, म्हणजे नाशिकमधील मध्यमवर्गीय घरात दोन तऱ्हेचे प्रश्न उभे राहतात. परीक्षा कोणती, वर्षे किती, खर्च काय आणि पुढे पोटापाण्याचे काय, हे वडीलमंडळी मोठ्या आवाजात विचारतात, आणि पंचवटीतल्या रामाच्या दर्शनाला वर्षानुवर्षे जाणारी एखादी आजी आतल्या खोलीतून हळूच एवढेच विचारते, की खोट्याची बाजू घ्यावी लागते म्हणे, मग त्याचे पाप कोणाच्या माथी? पहिल्या प्रश्नांना उत्तरे देणारे वर्ग आणि पुस्तिका कॉलेज रोडवर पावलोपावली भेटतात. आजीच्या प्रश्नाला मात्र हसून बगल दिली जाते. माझ्या मते आजीचा प्रश्नच आधी सोडविला पाहिजे, कारण विद्यार्थिदशेत समोर येणाऱ्या संधींपैकी कोणती पत्करावी आणि कोणती सोडावी, याचा निवाडा त्या उत्तरावर अवलंबून आहे.

वडीलमंडळींचे समाधान थोडक्यात करता येते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, असे दोन मार्ग आहेत. राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आहे, आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, ज्यांत आपल्या मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील तीन विद्यापीठांचा समावेश होतो, २००८ पासून चालत आलेली क्लॅट आहे. पुढे सनद आणि अखिल भारतीय वकील परीक्षा. कामाला तोटा नाही: सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगारांचे तंटे, द्राक्षनिर्यातीचे करारनामे, लासलगावचा कांदा व येवल्याची पैठणी यांना मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचे रक्षण, सहकारी संस्थांच्या भानगडी आणि सातबाऱ्यावरील फेरफाराच्या नोंदींवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भाऊबंदकी. पोट भरेल.

आता आजीचा प्रश्न. वेदान्तग्रंथांच्या आरंभी विषय, संबंध आणि प्रयोजन यांच्या जोडीने अधिकारी कोण, याचा विचार करण्याची पद्धत आहे, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मजिज्ञासेचा अधिकार विवेक, वैराग्य, शमदमादी संपत्ती व मुमुक्षुत्व या चार साधनांवर ठेवला, हे सर्वश्रुत आहे. विधिविद्येचा अधिकार आपल्या काळात दोन तासांच्या परीक्षेतील गुणांवर ठरतो, याबद्दल माझी तक्रार नाही; हजारोंतून शेकड्यांची निवड करावयाची तर काहीतरी मोजमाप हवेच. परंतु ती परीक्षा बुद्धीचे चापल्य मोजते. ज्याचे म्हणणे आपल्याला पटत नाही त्याचे म्हणणे अखेरपर्यंत ऐकून घेण्याची आणि तितक्याच सामर्थ्याने मांडून दाखविण्याची कुवत तिच्या कक्षेत येत नाही, आणि या विद्येचा खरा अधिकार त्या कुवतीतच आहे, असे मला वाटते.

मीमांसकांनी प्रत्येक विचारणीय स्थळाची मांडणी विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती अशा पाच अंगांनी केली. त्यांतील पूर्वपक्ष हा केवळ खोडून काढण्यासाठी उभा केलेला बुजगावणा नसतो. शंकराचार्यांच्या शारीरकभाष्यात सांख्यांचे किंवा बौद्धांचे मत इतक्या सांगोपांग रीतीने येते की, असावध वाचकाला काही काळ तेच भाष्यकाराचे मत वाटावे. असा पूर्वपक्ष लिहिणारा आचार्य असत्य बोलला, असे आजवर कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. व्यवहाराचे, म्हणजे न्यायसभेतील दाव्याचे, जे चार पाद धर्मशास्त्राने सांगितले, त्यांतही वादीच्या भाषेनंतर प्रतिवादीचे उत्तर हा स्वतंत्र पाद आहे; त्यानंतर क्रिया, म्हणजे पुरावा, आणि मग निर्णय. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत करीत महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा जो पाच खंडांचा इतिहास लिहिला, त्याच्या वाचकाला या मांडणीमागे एका व्यवसायी माणसाची न्यायालयीन नजर जागोजाग जाणवते.

मग पाप कोणाचे? मनुस्मृतीत याचा हिशेब जवळजवळ जमाखर्चाच्या भाषेत दिला आहे: न्यायसभेत अधर्म झाला तर त्याचा एक चतुर्थांश कर्त्याकडे, एक साक्षीदाराकडे, एक सभासदांकडे आणि एक राजाकडे जातो. वाटेकऱ्यांच्या या यादीत वकील नाही, आणि एखाद्या चतुर वकिलाने यावरून आपली सुटका झाली असे मानले तर त्यालाही आपण पूर्वपक्ष म्हणून मान देऊ. परंतु ती यादी तयार झाली तेव्हा आजच्यासारखा सनदी वकीलवर्गच नव्हता, ही गोष्ट तो सोयीस्करपणे विसरतो. माझा सिद्धान्त निराळा आहे. दुसऱ्याची बाजू मांडणे हे पूर्वपक्षाचे कार्य असल्यामुळे त्यात पाप नाही; मात्र ज्या क्षणी वकील साक्षीदाराला काय सांगावे ते पढवितो, किंवा खोटा दस्तऐवज खोटा असल्याचे जाणून न्यायासनापुढे ठेवतो, त्या क्षणी तो बोलणाऱ्याची जागा सोडून साक्षीदाराच्या जागी जाऊन बसतो आणि साक्षीदाराचा चतुर्थांश त्याच्या खाती आपोआप जमा होतो.

हा भेद पुस्तकी वाटत असेल तर नाशिकच्याच इतिहासाकडे पाहावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला, आणि त्यानंतर जो नाशिक कटाचा खटला मुंबईत चालला, त्यात भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांचा बचाव करावयास बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा उभे राहिले. राजद्रोहाचा आरोप, संतप्त सरकार, आणि निकाल काय लागणार याविषयी कोणाच्या मनात फारशी शंका नसताना उभे राहिलेल्या त्या वकिलाला आपण आज पापी म्हणत नाही. म्हणून एखाद्या घृणास्पद गुन्ह्यातील आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असे ठराव जेव्हा वकीलसंघ करतात, तेव्हा लोकभावनेचा मान राखूनही ते अधर्म्यच मानले पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदा ठरविले ते योग्यच झाले.

याहून कठीण कसोटी काळाराम मंदिराची आहे. लंडनच्या ग्रेज इन या एकाच संस्थेत शिकलेले दोन पुरुष नाशिकच्या इतिहासात येतात. सावरकरांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्या संस्थेने बॅरिस्टरी दिली नाही, आणि डॉ. आंबेडकर बॅरिस्टर होऊन परतले, तरी २ मार्च १९३० रोजी पंचवटीत अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांनी अवलंबिलेला मार्ग दाव्याचा नव्हता, सत्याग्रहाचा होता. दार बंद ठेवू पाहणाऱ्यांची बाजू एखाद्या सदसद्विवेकी वकिलाने घ्यावी काय? महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ती घेतली गेली, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने जो निकाल दिला तो समतेच्या उदात्त तत्त्वावर दिला नाही. अस्पृश्यांना वर्ज्य करणारी वहिवाट अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढ्या रुक्ष मुद्द्यावर दिला. मला हा रुक्षपणा प्रिय आहे. अनादित्वाचा दावा करणाऱ्यांना त्यांचे सर्व पुरावे मांडू देऊन, उलटतपासणी करून, ते अपुरे पडल्याचे दाखविल्यावाचून ‘आमच्याकडे पूर्वापार हेच चालत आले आहे’ या वाक्याचा पाया उघडा पडला नसता. तरीही हा निवाडा मिळावयास जवळजवळ दहा वर्षे लागली, आणि पाणी तहानेच्या वेळी लागते. म्हणून १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची जी घोषणा केली, तिला न्यायालयीन संयमाचा उपदेश ऐकविण्याचा अधिकार मला किंवा कोणालाही नाही.

या दृष्टीने विद्यार्थिदशेतील संधींकडे पाहिले म्हणजे त्यांची प्रतवारी बदलते. विधिशिक्षणाच्या २००८ च्या नियमांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवड्यांची आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवड्यांची उमेदवारी आवश्यक केली आहे, आणि आमची हुशार मुले ती बहुतेक सगळी मुंबईच्या मोठ्या कचेऱ्यांत, वातानुकूलित दालनांत, एकाच पक्षाच्या करारनाम्यांची कलमे तपासण्यात घालवितात. ते काम वाईट नाही, परंतु तेथे दुसऱ्या पक्षाचा चेहरा दिसत नाही. त्यांतले काही आठवडे तरी निफाड किंवा येवल्याच्या न्यायालयात काढावेत. पुकारा झाल्यावर एकाच बाकावरून वादी आणि प्रतिवादी दोघे उठतात, दोघांचे आडनाव एकच असते, आणि मधल्या सुटीत ते एकाच टपरीवर, एकमेकांकडे पाठ करून, चहा घेतात. वाटणीच्या दाव्यातील कैफियत म्हणजे काय, हे तेथे ज्या स्पष्टपणे कळते तसे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत कळत नाही.

पुराव्याची विद्या शिकावयाची तर त्र्यंबकेश्वरच्या एखाद्या तीर्थोपाध्यायाच्या घरी, त्यांच्या अनुज्ञेने, अर्धा दिवस बसावे. लांबट वह्यांतून यजमानाचे गाव, आडनाव, आजा-पणजा, भाऊ, मुले आणि कोणत्या निमित्ताने आले ती तिथी, अशा पिढ्यांच्या नोंदी असतात. जुन्या मोडीत, अलीकडच्या बाळबोधीत. वारसाच्या दाव्यांत अशा वह्या पुरावा म्हणून दाखल होतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने मृत व्यक्तीचे नातेसंबंधाविषयीचे विधान ग्राह्य धरले, पण ते वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले असावे अशी अट घातली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही ती अट कायम आहे. कोर्टाची पायरी चढण्याचे स्वप्नातही नसताना, श्राद्धाच्या निमित्ताने सहज सांगितलेल्या नावांवर कायदा विश्वास ठेवतो. तंटा सुरू झाल्यावर शपथेवर सांगितलेल्या नावांची तो उलटतपासणी करतो. मनुष्यस्वभावाची इतकी सूक्ष्म पारख मला कित्येक नीतिग्रंथांतही आढळलेली नाही.

आणि घाई करू नये. याच जिल्ह्यात, निफाडला, १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे कायद्याची पदवी घेण्यापूर्वी इतिहासात मुरलेले होते, आणि १८७८ मध्ये सरकारने त्यांची पुण्याहून नाशिकला बदली केली तेव्हा येथील न्यायासनावर कायद्याइतकाच अर्थशास्त्राचा व्यासंग असलेला न्यायाधीश येऊन बसला. आधी इतिहास, अर्थशास्त्र किंवा संस्कृत घेऊन पदवी मिळवावी आणि मग तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाकडे वळावे, असे सुचविले की पालक एक वर्ष फुकट गेल्याचा हिशेब मांडतात. परंतु २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली असल्याने, पदवी हातात पडताच न्यायासन गाठण्याची वाट तशीही बंद झाली आहे. ती तीन वर्षे एकाच वरिष्ठाकडे न काढता काही काळ बँकेचे काम करणाऱ्याकडे आणि काही काळ कर्जदार शेतकऱ्यांची वकीलपत्रे घेणाऱ्याकडे काढावीत. पहिल्या ठिकाणी मानधन वेळेवर मिळते, दुसऱ्या ठिकाणी हंगामानंतर, आणि तेही द्राक्षाला भाव मिळाला तर.