हस्ताच्या बोटांजवळ

चैत्रातल्या रात्री दक्षिणेकडे हस्त नक्षत्राचे पाच तारे दिसतात, पंजाच्या पाच बोटांसारखे. त्याच दिशेला, कित्येक कोटी प्रकाशवर्षांपलीकडे, दोन दीर्घिका एकमेकींत शिरत आहेत. विल्यम हर्शेलने १७८५ मध्ये दुर्बिणीतून त्यांची नोंद केली.

टक्कर म्हटलं की आपल्याला चुराडा आठवतो. पण तिथे ताऱ्यावर तारा जवळजवळ आदळतच नाही. आपला सूर्य मोहरीएवढा धरा. ती मोहरी मुंबईत सीएसएमटीच्या फलाटावर ठेवली, तर सर्वांत जवळच्या ताऱ्याची मोहरी थेट ठाण्याला! मधे सगळं मोकळं. तारे एकमेकांना वाट देत निघून जातात.

आदळतो तो वायू. त्याचे विरळ ढग एकमेकांवर दाबले जातात, घट्ट होतात, स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळतात आणि पेटतात. हबल दुर्बिणीने टिपलेल्या चित्रात गुलाबी ढगांच्या कुशीत निळ्या ताऱ्यांचे झुबके दिसतात. ती सगळी या धडकेची लेकरं. मला ते चित्र पाहून दरवेळी भरून येतं.

आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिकाही जवळ येत आहेत, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. मधे अजून २५ लाख प्रकाशवर्षं आहेत.