शाळा किती लांब?

‘पाच किलोमीटर म्हणजे गाडीने दहा मिनिटं,’ असं एक निवृत्त अधिकारी परवा सहज बोलून गेले. विषय होता वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा उभारण्याचा. ती दहा मिनिटं तेव्हापासून मला छळताहेत.

प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत हवी, हा नियम सर्वांना ठाऊक आहे. पण नकाशावरचं अंतर वेगळं आणि सहा वर्षांच्या पोराच्या पायांना पडणारं अंतर वेगळं. मध्ये ओढा असला की आषाढात तोच एक किलोमीटर पार होत नाही. शिवाय हे दुसरं अंतर दर वेळी निसर्गानेच घातलेलं असतं असंही नाही. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत कोयनेचा जलाशय ओलांडून शाळेला निघत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची आपणहून दखल घेतली. ते पाणी तिथे धरणाने आणलं. त्या साहेबांच्या दहा मिनिटांत ही होडी कुठे बसते?

एसटीने मात्र खेड्यांचं शिक्षण खरोखर बदललं. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे ती आडवाटेच्या गावांपर्यंत पोचली, तशी हायस्कुलंही आवाक्यात आली. मुलींना मोफत पास मिळाला, तेव्हा आठवीनंतर घरी बसणाऱ्या कितीतरी जणी दहावीपर्यंत गेल्या. पण गाडी बंद झाली की पहिलं शिक्षण मुलीचंच सुटतं, हेही तितकंच खरं.

एसटीच्या कितीतरी आधी, १९२४ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. अंतर तुटत नाही, तर मुलालाच शाळेजवळ ठेवा, हा त्यांचा मार्ग. त्यांच्याच रयत शिक्षण संस्थेने लहानग्यांसाठी खेडोपाडी व्हॉलंटरी शाळाही चालवल्या. हे आठवलं की समूह शाळेला असलेला माझा सरसकट विरोध टिकत नाही. आठवीच्या वर्गात दोनच मुलं असतील, तर त्यांना विज्ञानाचा शिक्षक, प्रयोगशाळा, खेळायला भिडू कुठून मिळणार? त्यांनी मोठ्या शाळेत जावं हेच बरं.

तेव्हा कसोटी पटाची नको, वयाची हवी. चौथीपर्यंतची शाळा वस्तीवरच राहू द्या, मग पट पाचचा का असेना. त्यापुढचे वर्ग हलवायचे असतील, तर आधी बारमाही रस्ता, गाडी आणि मुलांसोबत बसणारी मदतनीस यांची तरतूद करा. ती होईपर्यंत कुठल्याही शाळेला कुलूप लावू नका.