त्वचेला प्राणवायू कमी पडतो कुठे?

लेझरनंतर चेहरा लाल होतो, सुजतो, खपल्या धरतो. मग सल्ला येतो: हायपरबॅरिक, म्हणजे वाढीव दाबाच्या, ऑक्सिजनच्या कक्षात काही वेळा बसा, त्वचा झटपट भरून येईल. पैसे मोजण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. या त्वचेला प्राणवायू खरोखर कमी पडतो आहे का?

उपचाराचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. निरोगी माणसाच्या धमन्यांतलं हिमोग्लोबिन साध्या हवेतच 97 टक्क्यांच्या आसपास भरलेलं असतं. तिथे आणखी जागा जवळजवळ नाहीच. कक्षात वाढतो तो रक्तद्रवात विरघळलेला प्राणवायू. दाब वाढला की द्रवात वायू अधिक विरघळतो, हा विल्यम हेन्री यांनी 1803 मध्ये मांडलेला नियम. एरवी 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू घेतला की तो 6 मिलिलिटरच्या घरात जातो, आणि स्वस्थ पडलेल्या शरीराची गरज तेवढ्यावर भागू शकते. ॲम्स्टरडॅमचे शल्यचिकित्सक बुरेमा यांनी 1960 मध्ये हे डुकरांवर दाखवलं: तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून घेतल्या, तरी ती कक्षात जगली.

म्हणजे रक्तवाहिन्या दबल्या, विरळ झाल्या, पण थोडा प्रवाह शिल्लक आहे, अशा ठिकाणी हा उपचार मोलाचा ठरतो. शस्त्रक्रियेत सरकवून बसवलेला त्वचेचा तुकडा काळवंडू लागला, कर्करोगाच्या किरणोपचाराने ऊती झिजल्या, मधुमेही पायाची जखम हट्टाला पेटली, तर डॉक्टर रुग्णाला कक्षात पाठवतात ते योग्यच.

लेझरने सोललेल्या निरोगी चेहऱ्याचं तसं नसतं. चेहऱ्याचा रक्तपुरवठा शरीरात सर्वांत उदार म्हणावा असा. केसांच्या मुळांभोवतीच्या पेशींतून नवा थर उगवतो आणि वरवरची जखम साधारण आठवड्यात झाकली जाते. शिवाय जखमेतली प्राणवायूची थोडीशी कमतरता ही शरीराला नव्या केशवाहिन्या काढण्याची खूणच असते. पेशी ती कशी ओळखतात, या शोधाला 2019 चं नोबेल मिळालं. भरपूर ओल असलेल्या वाफ्याला आणखी पाणी देऊन पीक लवकर येत नाही.

घरी फुगवायच्या मऊ कक्षांबद्दल थोडक्यातच: 1.3 पट दाबाच्या साध्या हवेत 100 मिलिलिटर रक्तात विरघळलेला प्राणवायू अर्ध्या मिलिलिटरपर्यंतही पोचत नाही.

खऱ्या कक्षात जोखीमही खरी असते. कानाच्या पडद्याला इजा होते, काही काळ दूरचं अंधुक दिसतं, क्वचित झटके येतात. छातीत हवा साठलेल्या रुग्णाने तर आत जाऊच नये. शुद्ध प्राणवायूत ठिणगी म्हणजे आग. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात अशा कक्षात लागलेल्या आगीत पाच वर्षांचा मुलगा दगावला. जीव किंवा पाय वाचवायचा असेल तेव्हा ही जोखीम घ्यावी. लेझरनंतरची लाली काही काळाने जातेच; तिच्यासाठी ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सौंदर्योपचारात एक प्रसंग मात्र वेगळा. चेहऱ्याला भरीवपणा देण्यासाठी टोचलेलं फिलर चुकून धमनीत शिरलं तर तिथे प्राणवायूची कमतरता खरीच असते. इंजेक्शननंतर त्वचा पांढरी पडली, जाळीदार निळसर दिसू लागली, असह्य दुखलं किंवा नजर धूसर झाली, तर कक्ष शोधत बसू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा. हायलुरोनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं हायलुरोनिडेज आधी द्यावं लागतं. प्राणवायूचा कक्ष त्यानंतरचा, जोडीचा उपचार आहे.