चादरीवर जाण्याआधी

परळ, मुंबई

चि. सायलीस,


जानेवारीत चादर ट्रेकच्या बॅचची लीडर म्हणून तू जाणार, असं दादाने सांगितलं. सह्याद्रीतले कडे तुला पाठ आहेत. पण कडा वर्षानुवर्षं तोच असतो. झांस्कर नदीवरची बर्फाची चादर रात्री जमते आणि दिवसा तुटते. सकाळी सगळे जिथून पार झाले, तिथे दुपारी उघडं पाणी असू शकतं. म्हणून पुढे चालणाऱ्या झांस्करी वाटाड्याचा शब्द शेवटचा मान. तो काठी आपटून कान देतो. पोकळ बर्फ बद्द वाजतो, ते त्याला कळतं, आपल्याला नाही. तो थांबला की तू थांब, आणि तुझ्यामागे सगळी बॅच.

हेच सर्वांत जड जाईल. लोकांनी रजा साठवलेल्या असतात, परतीची विमानं ठरलेली असतात. ‘एवढं लांब येऊन नेरकचा धबधबा न बघताच परत?’ असं कोणीतरी म्हणेलच. तिथे ठाम नाही म्हणायचं, त्यासाठीच लीडर असतो. निघण्याआधीची बैठक दादरला होईल, तिथेच हे सगळ्यांना बजावून ठेव. लेह ३५०० मीटरवर आहे; तिथले विरळ हवेची सवय होण्याचे दिवस कोणाच्या घाईसाठी कमी करू नकोस. डोकेदुखी लपवणाऱ्यांवर लक्ष ठेव.

प्रवाह वळतो, ओढा येऊन मिळतो, तिथे बर्फ पातळ. ताज्या हिमाखालच्या बर्फावरही भरवसा नको. हिम गोधडीसारखी ऊब धरतं आणि खालचा बर्फ जाड होऊ देत नाही. माणसांत अंतर राहू दे. पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला. शंकेच्या जागी सॅकचे छातीचे आणि कमरेचे पट्टे सोडून ठेवा.

बर्फ फुटून पाण्यात पडलीस, तर शिवाजी पार्कच्या तलावात कमावलेलं पोहणं त्या गार पाण्यात फार कामाला येत नाही. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी सोपा हिशेब घालून दिलाय: १ मिनिट, १० मिनिटं, १ तास. पहिल्या मिनिटात धाप लागते, तेवढा श्वास आवरायचा. पुढची दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात. शुद्ध हरपायला साधारण तास लागतो. म्हणजे वेळ असतो, पण घाबरून पहिल्याच मिनिटात नाकातोंडात पाणी गेलं तर तो हाती लागत नाही. प्रवाह खाली ओढेल, बर्फाची कड सोडू नकोस. आलीस त्याच बाजूला तोंड कर, त्या बर्फाने तुझं वजन पेललेलं असतं. पाय मारून आडवी हो, पोटावर वर सरक आणि उभी न राहता लोळत दूर जा.

दुसरं कोणी पडलं तर धावत जवळ जाऊ नकोस. आडवी होऊन दोर फेक. बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच उतरवा, कोरडे घाला, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. बधिर बोटं चोळू नका, शेकोटीवरही धरू नका. काखेत धरून ऊब द्या. दारू मुळीच नको.

नदीवर फोन लागत नाही. लेहला उतरलीस की कळव, आणि नदीवरून लेहला परतलीस की पुन्हा.

तुझी,
आत्या