विम्याचा पैसा आणि नाबोथचा मळा

गेल्या उपवासकाळात एके सायंकाळी आमच्या धर्मग्रामातील एक प्रौढ गृहस्थ आपल्या दोन भावंडांसह आम्हांस भेटावयास आले. त्यांचा धाकटा भाऊ चार महिन्यांपूर्वी हृदयविकाराने अकस्मात वारला होता. त्याच्या आयुर्विम्यावर नॉमिनी म्हणून पत्नीचे नाव होते. दोघांत बेबनाव होता आणि मृत्यूच्या दिवशी ती माहेरी होती. "हिनेच आमच्या भावाला खाल्लं, फादर," असे म्हणून त्यांनी एक कागद पुढे सरकविला. ही स्त्री पैसे घेण्यास पात्र नाही, असे विमा कंपनीस कळविणारे ते पत्र होते. खाली आमची सही हवी होती.

सही आम्ही दिली नाही. परंतु ते निघून गेल्यावर प्रश्न आमच्यापाशीच राहिला. ज्याच्या मृत्यूमुळे पैसा मिळावयाचा, त्या मृत्यूला स्वतःच कारण झालेल्या माणसाला त्या पैशावर हक्क सांगता येईल काय? आणि तो कारण झाला, हे ठरवावयाचे कोणी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रात आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात अहाब राजाला नाबोथचा द्राक्षमळा हवासा वाटतो. ईजबेल राणी नाबोथला दगडमार करविते आणि राजा मळा ताब्यात घ्यावयास जातो. तेथेच एलिया त्याला गाठतो. खून आणि ताबा ही दोन्ही कृत्ये तो संदेष्टा एका दमात त्याच्या पदरात घालतो. खून करणाराने मळ्यात पाऊल टाकू नये, हे मानवी मनाला कायद्याची पुस्तके लिहिली जाण्यापूर्वीच उमगलेले होते.

पुस्तकांत ते जरा उशिराच आले. लिव्हरपूलचे कापसाचे व्यापारी जेम्स मेब्रिक ११ मे १८८९ रोजी मरण पावले. माशा मारण्याच्या कागदांतील सोमल त्यांना दिल्याच्या आरोपावरून त्यांची पत्नी फ्लॉरेन्स हिला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देहान्ताची शिक्षा झाली. जेम्स यांनी पत्नीच्या नावे २,००० पौंडांचा विमा उतरविला होता. पैशाची मागणी होताच कंपनीने हात वर केले. जिच्यासाठी विमा होता तिनेच विमेदाराला मारले, तेव्हा आता आम्ही कोणाचेच देणे लागत नाही, असा तिचा युक्तिवाद होता.

अपील न्यायालयाने १८९१ च्या डिसेंबरात दिलेला निकाल आम्हांस फार मननीय वाटतो. पत्नीने खून केला असे गृहीत धरले, तर तिला दमडीही मिळणार नाही, कारण स्वतःच्या गुन्ह्यातून उपजलेला हक्क कोणतेही न्यायालय बजावून देणार नाही. पण म्हणून कंपनी सुटत नाही. हप्ते मृताने भरले होते आणि करार त्याच्याशी होता. रक्कम त्याच्या मिळकतीत जमा व्हावी आणि गुन्हेगारास वगळून इतरांकडे जावी. दुसऱ्याच्या पापाचा नफा पापी माणसाने खाऊ नये, तसाच तो तिऱ्हाइतानेही खाऊ नये! यहूदाने परत फेकलेली तीस नाणी याजकांना खजिन्यात टाकवेनात. त्यांनी कुंभाराचे शेत घेऊन परक्यांच्या दफनाची सोय केली. त्या याजकांचा सोवळेपणा काही फार खरा नव्हता, पण रक्ताचा पैसाही कोठेतरी जावाच लागतो, एवढे त्यांना कळत होते.

आता दुसरा प्रश्न, आणि खरी अडचण येथेच आहे. फ्लॉरेन्सची फाशी टळली. तत्कालीन गृहमंत्री हेन्री मॅथ्यूज (हे गृहस्थ कॅथोलिक होते) यांनी शिक्षा जन्मठेपेवर आणली. तिने मारण्याच्या हेतूने विष दिले हे उघड आहे, परंतु मृत्यू त्या विषानेच झाला की नाही याविषयी वाजवी शंका आहे, असे कारण देण्यात आले. जेम्स यांना स्वतःलाच सोमल घेण्याची सवय होती. म्हणजे ज्या गुन्ह्याचा तिच्यावर कधी खटलाच चालला नाही, त्याची शिक्षा ती भोगीत राहिली. १९०४ साली ती सुटली आणि १९४१ साली अमेरिकेत एकाकी, दरिद्री अवस्थेत मरण पावली. ती निर्दोष होती असे आमचे म्हणणे नाही. पण एवढ्या मोठ्या न्यायासनालाही जेथे खात्री देता आली नाही, तेथे ओटीवर बसलेल्या नातलगांना ती कोठून येते, याचे आम्हांस नवल वाटते.

आपल्याकडेही तत्त्व तेच आहे. खून करणाऱ्याला मृताचा वारसा नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने मुंबई इलाख्यातील एका दाव्यात १९२४ साली ठरविले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात तसे कलमच आहे. आपल्या समाजाला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तसे कलम नसले, तरी तत्त्व काही एका धर्माचे नव्हे. नॉमिनीविषयी मात्र घरोघरी गैरसमज आढळतो. नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा हात आहे, मालकी वारसांची, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सांगितले. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती वा पत्नी आणि मुले नॉमिनी असल्यास सामान्यतः तेच रकमेचे धनी ठरतात. परस्परविरोधी दावे आले, तर कंपनी रक्कम न्यायालयात भरून मोकळी होऊ शकते. परंतु भांडण, माहेरी निघून जाणे, कडू बोलणे यांपैकी कशानेही पत्नी अपात्र ठरत नाही. ती पापे असतील तर त्यांचे स्थान प्रायश्चित्त संस्कारात आहे, विम्याच्या अर्जात नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यायालयात पुरावा मिळाला नाही म्हणून खरा अपराधी सद्सद्विवेकापुढे सुटत नाही. परतफेडीचा विचार संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाच्या प्रकरणात केला आहे, दयेच्या नव्हे. अन्यायाने हाती आलेले परत करणे हे देणे आहे, दान नव्हे. असा पैसा ज्याच्या घरात असेल त्याने तो कोणी मागावयास येण्याची वाट पाहू नये.

मात्र नाबोथच्या कथेतील एक गोष्ट आम्ही त्या सायंकाळपर्यंत नीट वाचलीच नव्हती. नाबोथ मेला तो दोन खोट्या साक्षीदारांमुळे, आणि गावातील वडीलधाऱ्यांना त्यासाठी पत्र गेले होते. त्या पत्रावर मोहोर राजाची होती. समोरच्या कागदावर मोहोर आमची हवी होती.

आम्ही नकार दिल्यावर थोरले बंधू रागाने उठून गेले. तेव्हापासून ते दुसऱ्या चर्चमध्ये मिस्साला जातात, असे ऐकतो. त्यांच्या दुःखाला आम्ही पुरेसा वेळ दिला नाही, ही रुखरुख आम्हांस आहे. भाऊ गेला होता. राग कोठेतरी ठेवावयास त्यांना जागा हवी होती.

पुढच्या आठवड्यात ती विधवा भगिनी विवाहाचा दाखला मागावयास आली. दाव्यासाठी लागतो, एवढेच बोलली. आम्ही जुनी नोंदवही काढली. साक्षीदारांच्या रकान्यात पहिली सही त्याच थोरल्या दिराची होती. आम्ही ते नाव दाखल्यात उतरवून घेतले आणि शिक्का मारला.