नाक्यावरचा मजूर आणि आपले दार

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत शब्बाथशाळेतील लहान मूलही सांगते. त्यातला बाजार मात्र आज बदलला आहे. रंगारी, गवंडी, सुतार कामासाठी सकाळी नाक्यावर उभे राहत. काही नाक्यांवर अजूनही राहतात. पण हैदराबाद, इंदूर, वडोदरा अशा शहरांत पुष्कळांचा नाका आता मोबाइलमध्ये आला आहे. नळ दुरुस्त करणारा, पंखा बसवणारा, न्हाणीघर धुणारा, घरी येऊन केस कापणारी बहीण, हे सारे अॅपवर नाव नोंदवून कामाची वाट पाहतात. अर्बन कंपनी २०१४ साली सुरू झाली, ती अशाच नाक्यांपैकी एक. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे, वाहन चालवणारे व घरपोच माल देणारे धरून, अशी सुटी कामे करणारे देशात २०२०-२१ साली सुमारे ७७ लाख होते. आपल्या मंडळ्यांतील तरुणही त्यांत आहेत.

पहिली गोष्ट, हे काम हलके नाही. आपला प्रभू सुताराचे काम करीत असे आणि पौल तंबू शिवून पोट भरीत असे. पदवी घेतलेला मुलगा पाना-पक्कड घेऊन दारोदार जातो म्हणून लग्नाच्या बोलणीत त्याचे काम झाकून ठेवणारे आईबाप या दोघांविषयी काय म्हणतील?

दुसरी गोष्ट मजुरीची. आपण मोजलेले सर्व पैसे कामगाराच्या हाती पडत नाहीत. कंपनीचे कमिशन त्यातून जाते, आणि पेट्रोल बहुधा त्याच्याच खिशातले. दिवस मावळण्यापूर्वी गरिबाची मजुरी द्यावी, अशी अनुवादात आज्ञा आहे. राज्यकर्तेही आता जागे होत आहेत. राजस्थानाने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली या कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकाच्या कायद्यात कंपनीकडून कल्याणनिधीसाठी १ ते ५ टक्के घेण्याची तरतूद आहे; तसेच लेखी कारण व १४ दिवसांची सूचना दिल्यावाचून कामगाराचे काम बंद करता येत नाही. बेळगावकडील बंधूंनी आपल्या तरुणांना हे समजावून सांगावे.

परंतु तिसरी गोष्ट कोणत्याही कायद्याच्या हाती नाही. काम संपले की मोबाइल आपल्याला तारे मागतो. पाच की दोन? आपण चहा पिता पिता बोट लावतो. तारे घसरले की त्या माणसाला कामे कमी मिळतात, कधी नाका कायमचा बंद होतो. वीस वर्षांचा डाग एका तासात निघाला नाही, म्हणून त्याची उद्याची भाकर आपण कापावी काय? ज्या मापाने आपण मोजतो त्याच मापाने आपल्यालाही मोजले जाईल, हे प्रभूने सांगून ठेवले आहे. काम खरोखर वाईट झाले तर त्याच्या तोंडावर, सौम्यपणे सांगावे. पाठीमागे बोट दाबणे हा ख्रिस्ती न्याय नव्हे.

आणखी एक. अमुक तरुण रविवारी उपासनेस दिसत नाही, अशी तक्रार मंडळीत ऐकू येते. पण रविवारी घरी सवड असते म्हणून त्याच दिवशी कामगाराला बोलावणारी घरे कोणाची? त्यांत आपलीही आहेत. जे काम शनिवारी होऊ शकते ते शनिवारी करून घ्यावे. रविवारी काम चुकवता न येणाऱ्यांसाठी वडीलमंडळींनी सायंकाळची प्रार्थना ठेवावी.

दृष्टांतातील धनी स्वतः बाजारात गेला. दिवस कलला तरी उभे असलेल्यांना त्याने विचारले, की तुम्ही रिकामे का? मोबाइलवरचा नाका असे विचारीत नाही. ते विचारणे आपल्याकडे आहे. दारी आलेल्याला नावाने हाक मारावी, बसायला खुर्ची आणि पाण्याचा पेला द्यावा. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारी मुलांना एवढेच विचारावे : या आठवड्यात तुमच्या घरी काम करायला कोण आले, आणि त्यांचे नाव काय?

अकराव्या ताशी आलेल्यालाही पुरी मजुरी देणारा प्रभू आपणांस त्याचे अंतःकरण देवो. आमेन.